रुद्राणी चहा, नंबर तीन

सोलापूरच्या माणसाला चहा कळत नाही, हे मी आजही म्हणेन. गिरणीचा भोंगा झाला की फाटकाबाहेरच्या दुकानात जे काळं पाणी उकळत असतं, त्यातली पत्ती कालची, दूध नावाला आणि गूळ एवढा की कपात मुंगी पडली तर तिला पोहतासुद्धा येऊ नये. लोक ते बशीत ओततात, फुर्र करून ओढतात आणि वर 'कडक झालाय' म्हणून शाबासकी देतात. कडक तर चप्पलही असते.

हे ज्ञान मला मुंबईत झालं. मी बसप्पाशेठच्या आडतीवर कारकून होतो. चौतीस साली त्यांच्या कामासाठी मुंबईला गेलो, तेव्हा एका वखारीत चहाची पारख करणारा माणूस पाहिला. चमच्यानं घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि पिंकदाणीत थुंकायचं. बस, एवढंच त्याचं काम. मी परतलो तो निम्मा पारखी होऊनच. घरचा पहिला घोट मी मोरीत थुंकलो. माझ्या बायकोनं, रुद्राणीनं, त्यानंतर तीन दिवस चहा केला नाही.

महिन्याभरात मी आडत सोडली आणि घराच्या सोप्यात हातानं चहा मिसळायला बसलो. नंबर एकमध्ये दार्जिलिंगची पत्ती आणि वेलदोडा. नंबर दोनमध्ये गवती चहा आणि तुळस. नंबर तीन म्हणजे माझी खरी करामत: तीच उंची पत्ती, तिच्यात सुंठ, ओवा, बाळंतशोपा आणि पिंपळी. खाकी पुड्यांवर मी 'रुद्राणी चहा' असं छापून घेतलं. बायको खूश होईल अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, "लोक थुंकले म्हणजे माझं नाव घेऊन थुंकणार."

लोक थुंकले नाहीत, कारण कुणी घेतलाच नाही. शेजारच्या सिद्धप्पानं नंबर दोनचा पुडा नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून विचारलं, की यात चहा कुठं आहे. अशा माणसाशी काय बोलणार? बसप्पाशेठनी निरोप धाडला, कारहुणवीपर्यंत, म्हणजे ज्येष्ठातल्या बैलांच्या सणापर्यंत, जागा रिकामी ठेवतो, मग दुसरा माणूस बघतो. रुद्राणी रोज तो निरोप मला नव्यानं ऐकवी.

आणि मग चनमल्लप्पा आला. मंद्रूपचा शेतकरी, मंगळवारच्या बाजाराला आलेला. त्यानं नंबर तीनचा पुडा फोडला, नाकाशी नेला आणि बराच वेळ हुंगत राहिला. सगळ्या सोलापुरात आधी वास घेणारा पहिला माणूस! त्यानं चार पुडे नेले. पुढच्या मंगळवारी दहा. त्यानंतर वीस.

मी विचारलं, कसा वाटला? तो म्हणाला, "लई गुणाचा. आमची थोरली दोन दिस तोंड लावत नव्हती कशाला. तुमचा चहा पाजला, तासाभरात उठून उभी."

थोरली म्हणजे त्याची आई किंवा बायको असणार, असं मी धरलं. एका वेळी किती करता, असं विचारलं तर म्हणाला, बादलीभर. मोठं घर असेल, असं मी धरलं. धरण्यात मी कधीच कमी पडलो नाही. गिरण्या, शाळा, कोर्ट असलेलं शहर अडाणी निघावं आणि चहाची जाण मंद्रूपला असावी, याची मजा वाटून मी दोन दिवस एकटाच हसत होतो.

शेवटी त्यानं आमंत्रण दिलं. कारहुणवीला दोघंही या, गावानं तुमचा मान करायचं ठरवलंय. मी रुद्राणीला म्हटलं, चहा की आडत, आता मंद्रूपलाच काय तो निकाल होऊ दे. तिनं मान डोलावली. मी कोट आणि जरीचा फेटा घातला, आणि सर्व्हिस मोटारीतून धूळ खात आम्ही पोचलो.

बैलांचा सण. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. चिंचेखाली घोंगडं अंथरलं होतं आणि तीस-चाळीस माणसं आमची वाट पाहत होती. मला नारळ मिळाला. मग चनमल्लप्पाच्या आईनं, सारजाबाईंनी, आम्हा दोघांना चहा दिला. एक घोट घेतला आणि मी डोळे मिटले. काळाभोर उकळलेला, म्हशीच्या दुधाचा, गुळाचा. पण त्यामागून पत्तीची जी चव आली, तशी मी मुंबईतही चाखली नव्हती. कौतुक नंतर करू म्हणून मी भाषणाला उभा राहिलो.

चहा उकळू नये, झाकून ठेवावा, हे सांगितलं. मग म्हटलं, आधी शांतपणे वास घ्यावा, नंतर ओठांनी थोडा थोडा प्यावा.

लोक एकमेकांकडे बघू लागले. सारजाबाई म्हणाल्या, "थोडा थोडा कसा पिणार वो? दोघं शिंगं धरत्यात, तवा कुटं नळकांडं तोंडात जातंय."

"कुणाच्या?"

"म्हशीच्या की. पोट फुगल्यावर माणसं पित्यात व्हय असलं?"

मी खाली बसलो. चनमल्लप्पानं अगदी आदरानं सगळं सांगितलं. सुंठ आणि ओवा एवढा निवडक दुसरीकडे मिळत नाही, म्हणाला. आता पंचक्रोशीत कुणाची म्हैस फुगली की लोक म्हणतात, तिला रुद्राणी पाजा. माझी रुद्राणी शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"येकच हाय," तो म्हणाला, "त्यात त्यो पाला कशाला घालता? निवडून काढण्यात बायकांचा दिस जातोय."

"तो पाला," मी म्हटलं, "दार्जिलिंगहून येतो. त्याचं काय करता?"

सारजाबाईंनी माझ्या रिकाम्या कपाकडे बोट दाखवलं. "टाकवत न्हाय बगा. आल्यागेल्याला उकळून देतो."

रुद्राणी इतकी हसली की चिंचेखालचे बैल बिथरले. मी आणखी एक कप मागितला. त्याशिवाय दुसरं काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी मी आडतीवर हजर झालो. शेठनी चहा मागवला, फाटकावरचा. मी तो गिळला.

नंबर तीन मात्र बंद पडला नाही. रुद्राणीनं त्यातली पत्ती काढून टाकली, हिंग घातला, आणि आता चनमल्लप्पा दर मंगळवारी तिच्याशीच बोलतो. मला नुसता रामराम करतो. रविवारी सुट्टी असते म्हणून ओवा निवडायचं काम माझ्याकडे आहे. एखादा खडा राहिला तर म्हशींची काही तक्रार नसते. रुद्राणीची असते.