नाव पुसलेलं भरीत

प्रेमराज सरांनी तानुबाईंचं नाव पुसलं ते अगदी नियमानुसार. जळगावच्या त्यांच्या संस्थेत यंत्राला अहिराणीतून खानदेशी स्वयंपाक सांगायला शिकवत होते. कुणाची खासगी माहिती बाहेर फुटू नये, म्हणून भडगावकडच्या एका गावातून ध्वनिमुद्रित करून आणलेल्या प्रत्येक आवाजापुढचं नाव काढलं होतं. भरीत सांगणाऱ्या तानुबाईंच्या आवाजापुढे उरलं, ‘स्त्री, वय बहात्तर.’

अख्ख्या गावाच्या भंडाऱ्याचं भरीत करणाऱ्या बाईला नुसतं ‘स्त्री’ म्हणायचं म्हणजे काय! हे कळताच तानुबाई एसटीनं थेट कार्यालयात आल्या.

“मन्हं नाव कोनी पुसं?”

“अक्का, तुमच्याच सुरक्षेसाठी.”

“मी काय चोरी करेल शे का? आनि वय बरं ठेवं!”

सरांनी नियमांचं पुस्तक पुढे केलं. तानुबाईंनी संमतीचा कागद पुढे केला. आवाज गोळा करणाऱ्या मेघानं तो त्यांना वाचून दाखवला होता आणि एक कलम त्यांना पाठच झालं होतं. दिलेली माहिती केव्हाही परत घेता येते.

“मंग मन्हं भरीत माले परत दे.”

सर काकुळतीला आले. “अक्का, सोमवारी दिल्लीचे पाहुणे येताहेत. त्यांना भरीतच दाखवायचंय!”

“दखाड ना. मन्हं सोडीसन दखाड.”

“सर, नियम आपलाच आहे,” मेघा म्हणाली. तानुबाईंचा आवाज काढला गेला. बाकी चाळीस बायांचे आवाज होतेच, त्यामुळे सर निर्धास्त होते. तेवढ्यावर यंत्राला पुन्हा शिकवलं.

सोमवारी पाहुण्यांनी विचारलं, “वांग्याचं भरीत कसं करायचं?”

“तानुबाईले इचारा,” यंत्र म्हणालं.

“वांगी कशावर भाजायची?”

“तानुबाईले इचारा.”

“मिरच्या तरी किती?”

“मी काय सांगू, माय? तानुबाई शे ना!”

सरांनी घाम पुसत मेघाला बाजूला ओढलं.

“सर, चाळीसही बायांनी हेच सांगितलंय. तानुबाई असताना गावात भरितावर दुसरं कोणी बोलत नाही.”

दुपारी पाहुण्यांना घेऊन गाडी गावात पोहोचली. सरांनी स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरांत नोंदीवर तानुबाईंचं पूर्ण नाव लिहिलं आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं. तेव्हा कुठे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटल्या, वांगी भाजली गेली आणि तानुबाई बोलू लागल्या. पाहुणे मान डोलावत होते. मसाल्याचा डबा उघडताच मात्र तानुबाईंनी हात वर केला.

“भाऊ, आते ते बंद कर. याना पुढलं खासगी शे.”

सरांनी मुकाट्यानं बटण दाबलं.