फेरा चालू आहे

तात्या कंपाउंडर कुणाला नमस्कार करत नसत, मनगट धरत. देवासच्या बाजारात, देवळाच्या पायरीवर, कुठेही गाठ पडो, डाव्या हातात साखळीचं घड्याळ आणि उजव्या हातात तुमची नाडी. पूर्ण एक मिनिट. मग "फेरा चालू आहे" म्हणून हात सोडत, आणि त्यानंतर ख्यालीखुशाली. दूधवाला रोज कुरकुरायचा, "पेलां दूध तो लई लो, भिया." पण त्याचंही मिनिट चुकत नसे.

तात्या मूळचे धारचे. दवाखान्यात औषधं कालवण्यात जन्म गेला, पण जीव जडला तो रक्ताभिसरणावर. काळजातून निघालेलं रक्त सगळं अंग हिंडून पुन्हा घरी येतं, याचं त्यांना रोज नवल वाटे.

मी शाळामास्तर. एकदा मी त्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी फळ्यावर काळीज काढलं आणि सांगितलं, की हे आपलं देवासच. गाव एक, राज्यं दोन, थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं. तसे इथेही दोन भाग, मध्ये भिंत. इकडून तिकडे थेट जायची सोय नाही. मळकं रक्त उजवीकडे येतं, फुप्फुसांत जाऊन हवा खातं, ताजं होऊन डावीकडे उतरतं आणि तिथून अंगभर जातं. इथवर ठीक होतं. पण बोलण्याच्या भरात त्यांनी उजवीकडे 'थोरली पाती' लिहिलं आणि डावीकडे 'धाकटी'. दुसऱ्या दिवशी थोरल्या पातीचे एक कारकून शाळेत हजर: मळकं आमच्याकडेच का? तात्यांनी नावं उलटी केली. मग धाकटीकडचे आले. शेवटी सम तिथीला थोरली डावी, विषम तिथीला धाकटी, असा तोडगा निघाला. परीक्षेत मुलं उत्तर लिहिण्याआधी पंचांग विचारू लागली.

त्या पौषात माझी पत्नी गेली. सुतकाचे दहा दिवस मी ओटीवर घोंगडी टाकून बसून होतो. माणसं येत, लांब उभी राहून दोन शब्द बोलत आणि जात. सुतक असलेल्याला शिवलं तर अंघोळ करावी लागते. त्या थंडीत ती कुणाला हवी? तिसऱ्या दिवशी तात्या आले, सरळ घोंगडीवर बसले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. मिनिट झालं तरी सोडलं नाही. मग विहिरीवर धोतरासकट गार पाणी अंगावर घेतलं आणि कुडकुडत घरी गेले. असं रोज.

सातव्या दिवशी मी म्हटलं, "तात्या, आजारी पडाल. लांबून विचारलंत तरी चालेल."

ते घड्याळाकडे बघत राहिले. "धारला आमची ही गेली, तेव्हा दहा दिवस मला कुणी शिवलं नाही. मी माझीच नाडी धरून बसायचो. पण मास्तर, आपला हात आपल्याला लागत नाही."

गेल्या महिन्यात तात्याच अंथरुणाला खिळले. त्यांना कुणी नव्हतं. मी जवळ बसत असे. शेवटल्या दुपारी त्यांनी मनगट पुढे केलं. मी ते दोन्ही हातांत घेतलं. बोटांखाली काही नीट लागेना. मी म्हटलं, "फेरा चालू आहे, तात्या."

"घड्याळ न बघता?" ते पुटपुटले.

घड्याळ उशाशीच होतं. पण ते घ्यायचं तर हात सोडावा लागला असता.