दोन कार्डांची पाणीपुरवठा योजना

पाणी आपणहून खाली जाते. त्याला वर न्यायचे असेल तर खाते लागते. या सत्यावर एकतीस वर्षे काढलेले पाणीपुरवठा खात्याचे उपअभियंते लेकीच्या संगणकापुढे उभे राहिले, तेव्हा त्यांना त्यात संगणक दिसलाच नाही. पाण्यावाचून राहिलेली वस्ती दिसली.

लेक इमारती बांधल्या जाण्याआधी त्या चालत्या चित्रांत उभ्या करून दाखवते. त्या कामासाठी तिने पेटीत दोन ग्राफिक्स कार्डे बसवली होती आणि ती इतकी तापत की वीस मिनिटांत यंत्र आपोआप बंद पडे. महिनाअखेर तिला साडेतीन मिनिटांची चित्रफीत पाठवायची होती. पसंत पडली तर मनासारखी नोकरी, नाही तर ती दुसऱ्या कोणाला. काही लोक कार्डांमधून नळीने पाणी फिरवून ती गार ठेवतात, असे ती जेवताना सहज म्हणाली. (सहज म्हणाली, याची नोंद घ्यावी.)

उपअभियंत्यांचा घास हातातच राहिला. लेकीच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला ते वेळेवर पोचले नव्हते. दर वेळी कुठेतरी मुख्य वाहिनी फुटलेली असे. त्याची बोच त्यांना अजून होती. आणि आज लेकीची अडचण नेमकी त्यांच्याच खात्यातली निघाली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी साठलेली महिन्याभराची रजा टाकली.

पहिला आठवडा सर्वेक्षणात गेला. कार्डे दोन, पंखे चार, नळीचा मार्ग एक मीटर चाळीस सेंटिमीटर, वाटेत आडव्या येणाऱ्या वायरी एकोणीस (पैकी सात अनधिकृत). योजना आखताना तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरावी, असा खात्याचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. एरवी योजना पूर्ण झाल्यावर अपुरी पडते. दूरदृष्टी असली की ती पूर्ण होण्याआधीच अपुरी पडू शकते. गेल्या पाच वर्षांत लेकीची कार्डे एकाची दोन झाली होती. त्या दराने तीस वर्षांनी एकशे अठ्ठावीस. सबब, पाण्याची टाकी पेल्याएवढी न ठेवता तेरा लिटरची ठरली, आणि ती पेटीत मावेना म्हणून कपाटावर चढवण्यात आली (कागदावर).

दुसऱ्या आठवड्यात समान वाटपाचा प्रश्न उभा राहिला. पाणी पहिल्या कार्डातून दुसऱ्यात न्यावे, की दोघांना वेगवेगळे फाटे द्यावेत? पहिल्या पद्धतीत दुसऱ्याच्या नशिबी पहिल्याने वापरलेले कोमट पाणी येते. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला राहणारी माणसे रिकाम्या बादल्या घेऊन कार्यालयात कशी येतात, हे उपअभियंत्यांनी पाहिलेले होते. लेक म्हणाली की फरक एक-दोन अंशांचा पडतो आणि कार्डाला काही वाईट वाटत नाही. आज वाटत नाही, असे ते म्हणाले. अखेर पहिल्या कार्डाला सकाळी आणि दुसऱ्याला संध्याकाळी पाणी सोडण्याचे ठरले. दोन्ही कार्डे सारखीच तापतील याची त्यात पूर्ण हमी होती.

मग हरकती व सूचना मागवल्या. एकच सूचना आली, बायकोची: पाण्याचे काम निघालेच आहे तर आधी स्वयंपाकघरातला नळ बघा. तो नळ तीन वर्षे ठिबकत होता आणि त्याखाली बादली होती. सूचना विषयाला धरून नसल्याने फायलीला लावण्यात आली.

तिसऱ्या आठवड्यात नकाशा लेकीपुढे ठेवला. तिने तो मन लावून पाहिला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे लिहिले होते: गळती, छत्तीस टक्के.

"बाबा, ही गळती जाणार कुठे?"

"नेहमी जाते तिथे. खाली."

"खाली विजेचा डबा आहे. एक थेंब पडला तरी सगळं जळेल."

उपअभियंत्यांनी खात्याचा तक्ता उघडला. पाणी येण्याआधीच गळतीची तक्रार करणारा ग्राहक त्यांना एकतीस वर्षांत भेटला नव्हता. खात्याच्या छापील तक्त्यात गळती पंचवीस टक्क्यांपासून सुरू होई. (चाळीसच्या वर गेली तर खुलासा द्यावा लागे, पंचवीसच्या खाली गेली तर चौकशी लागे.) शून्याला रकानाच नव्हता. पण काम लेकीचे होते. त्यांनी पट्टीने रेघ मारून नवा रकाना आखला, आणि नोकरीत पहिल्यांदाच त्यांना कामाची धास्ती वाटली.

गळती जोडावर होते, म्हणून त्यांनी जोड कमी करायला घेतले. आठाचे पाच झाले, पाचाचे दोन. एकोणतिसाव्या दिवशी नकाशात एकही जोड उरला नाही. जोड नाही म्हणून नळी उरली नाही, नळी नाही म्हणून पंप नाही, आणि टाकी कपाटावरून उतरली. गळती शून्य. नकाशात खोट काढायला जागा नव्हती.

तो घेऊन ते लेकीच्या खोलीत गेले. संगणकाच्या पेटीचे दार काढून भिंतीला टेकवलेले होते आणि समोर टेबलपंखा भरधाव फिरत होता. लेकीने पहिल्याच दिवशी ही सोय केली होती आणि महिनाभर यंत्राला मधूनमधून विश्रांती देत काम संपवले होते. चित्रफीत थोड्याच वेळात पाठवायची होती.

"तुम्ही महिनाभर आखणीच केलीत म्हणून जमलं बाबा," ती म्हणाली. "लगेच पाणी सोडलं असतंत तर मशीन गेलं असतं. बसा, सगळ्यांत आधी तुम्ही बघा."

असे प्रशस्तिपत्र त्यांना खात्याने कधी दिले नव्हते. ते खुर्ची ओढून बसले. साडेतीन मिनिटे एक इमारत त्यांच्यापुढे मजल्या-मजल्याने उभी राहिली. लेकीच्या कार्यक्रमाला ते वेळेवर हजर असण्याची ही पहिलीच वेळ होती.

आठवड्याने नोकरीचे पत्र आले. योजना यशस्वी झाल्याची नोंद झाली: गळती शून्य, तापमान समाधानकारक, टेबलपंखा ही तात्पुरती व्यवस्था (मुदत तीस वर्षे). बायकोने स्वयंपाकघरातली बादली ओतली आणि पुन्हा नळाखाली ठेवली.

त्या नळाला एक वायसर हवा आहे. तो बदलायला चार मिनिटे लागतात. ही हकीकत वाचायला पाच लागतात, असे पाहणीत आढळले आहे. आपल्या घरची बादली कोणत्या नळाखाली आहे, हे वाचकांनी कळवण्याची आवश्यकता नाही.