पाच टिटव्यांच्या आरमाराची हकीकत

प्रथम पाणी जाहले, मग वारा, मग होडी, आणि मग होडीवाल्यांची कमिटी. पैकी पहिल्या तिहींचा कर्ता ईश्वर. चौथीची जबाबदारी अद्याप कोणी कबूल केली नाही. ऐशा कमिटीचे अमदानीत, आयर्लंडचे पश्चिम सुभ्यात, लॉक अनीव नामे सरोवरी, सप्टेंबर मासाचे अखेरचे रविवारी जो संग्राम जाहला, त्याची साद्यंत हकीकत येणेप्रमाणे.

त्या सरोवरी पिलीबीन, म्हणजे टिटवी, या नावाच्या लहान शिडाच्या होड्या होत्या. सर्व एकाच साच्याच्या. शीड तितकेच, डोलकाठी तितकीच, आणि म्हणून श्रीमंताची होडी पुढे आणि गरिबाची मागे ऐसा प्रकार नाही. ज्याचे हाती कसब, त्याची फत्ते. परंतु होड्या अवघ्या चार. आणि राजधानी डब्लिनाहून फर्मान आले की, ज्या पाण्यात पाच टिटव्या एका शर्यतीत सुटून पाचही मुदतीत रेषा ओलांडतील, त्यासच आरमार म्हणावे आणि क्रमांक द्यावा. ते वाचून कमिटीने ठराव केला की, सप्टेंबरअखेर क्रमांक न आल्यास किनाऱ्यावरील होड्यांची जागा मोटारबोटींस द्यावी.

हे वर्तमान डिंपना मॅकनल्टीबाईंस कळले. बाई माजी शिक्षिका, वय सदुसष्ट, डावा गुडघा नादुरुस्त, हिंमत साबूत. निम्म्या गावास पाढे आणि पोहणे त्यांनीच शिकविले. शर्यतीचे बक्षीस म्हणजे एक पितळी किटली. ती अकरा वर्षे फिंटन ओडाउड यांचे घरी, आणि बाई अकरा वर्षे दुसऱ्या. बाई याविषयी काही बोलत नसत, परंतु ओडाउडांचे घरी चहास जात नसत.

पाचवी टिटवी गावातच होती. टपालवाले सरदार मलाकी कीव्हनी यांचे परसात ती पालथी पडली होती, आणि तिजखाली सात कोंबड्या नांदत होत्या. मग बाईंनी मसलत केली आणि हॅनलन जुळ्या बहिणींकडून नवे खुराडे बांधविले आणि कोंबड्यांस सन्मानाने स्थलांतर करविले. सहा गेल्या. सातवी तांबडी, तिने तह नाकारला, आणि शर्यतीचे सकाळीही होडीतच अंडे घातले. होडी हाकणारे मलाकीच, त्यांनी ते शुभशकुन म्हणून खिशात घातले.

तीन वाजता घंटा जाहली आणि पाचही टिटव्या सुटल्या. मुदत पाचची. कालमापनाचे आसनी मलाकींची पत्नी कन्सेप्टा, जी नवऱ्यासही अर्धे मिनिट सवलत देत नसे. आणि येथे त्या पाण्याचा जुना रिवाज सांगणे प्राप्त आहे: पुढच्याने मागच्यास ओरडून वाटेल तितके शिकवावे, परंतु स्वतः रेषा ओलांडताच तोंड बंद. पार झालेल्याने शब्द काढला तर ज्यास मदत केली तो बाद.

साडेचारास बाई सर्वांपुढे, रेषेपासून दहा होड्यांचे अंतरावर. फिंटन मागे, त्यामागे आपापल्या होडीत हॅनलन भगिनी. किटली दिसू लागली. आणि मग वारा जवळजवळ पडला. बाईंनी मागे पाहिले, तो मलाकी सरोवराचे मध्यभागी उभ्याचे उभे. शिडाची दोरी त्यांनी आवळून धरली होती, जणू बैल पळून जाईल. ऐशाने पाचची घंटा होणार आणि मलाकी तेथेच राहणार, हे बाईंनी जाणले. रेषा ओलांडावी, तर तोंड बंद. न ओलांडावी, तर किटली गेली. बाईंनी किटलीकडे पाहिले, आणि मग सुकाणू फिरविले.

"डिंपना, रेषा इकडं आहे गं!" फिंटन जाता जाता ओरडले. "चष्मा घरी राहिला का?"

"तू हो पुढं," बाई म्हणाल्या. "आणि किटली घास जरा. अकरा वर्षांत हात लावला नाहीस तिला."

फिंटन पार जाहले, हॅनलन भगिनी पार जाहल्या. बाई मलाकींचे आवाजाचे टप्प्यात आल्या.

"मलाकी! दोरी सोड. अजून सोड. गळा नको दाबू शिडाचा."

"सोडली तर हातात काय राहील, बाई?"

"होडी राहील. आता शिडाच्या बाजूला सरकून बस. होडी जरा कलू दे, म्हणजे शीड आपोआप फुगेल. आणि हलू नकोस."

"हलतोय कशाला! खिशात अंडं आहे!"

"तिसरीत असा गप्प बसला असतास, तर पाढे आले असते."

अंड्याचे धाकाने मलाकी पुतळ्यागत बसले. शीड हळूच भरले, आणि टिटवी चालू लागली. पाचास चार मिनिटे कमी असता ते रेषा ओलांडून गेले आणि इतके हर्षित जाहले की अंड्याचा विसर पडून त्यांनी मांडीवर थाप मारली. अंडे कामी आले.

परंतु मोजदाद पाचाची, आणि पाचव्या बाईच. त्या मागे, आणि त्यांचा वाराही गेला. पलीकडे चौघे, चौघांस ठाऊक काय करावे, आणि रिवाजाने चौघे मुके. फिंटन टोपी चावू लागले. मलाकींनी स्वतःचे तोंड दोन्ही हातांनी दाबले. बाईंनी मग तेच केले जे चाळीस वर्षे मुलांस सांगितले: दोरी सैल सोडली, शिडाच्या बाजूस सरकल्या, दुखरा गुडघा दुमडून निश्चल बसल्या. कन्सेप्टाने घंटेची दोरी धरली. पाण्यावर एक सुरकुती आली, शीड अंमळ भरले, होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, रेषेवर आली, गेली, आणि मग पाचची घंटा जाहली.

किटली बाराव्यांदा फिंटन यांस मिळाली. त्यांनी ती तेथेच घासली, तीत चहा केला, आणि पहिला पेला स्वहस्ते बाईंस दिला. बाईंनी घेतला.

लॉक अनीवचे आरमारास क्रमांक एकेचाळीस मिळाला आणि मोटारबोटी अन्यत्र गेल्या. शर्यतीचे वहीत प्रत्येकाने आपला क्रमांक स्वतः लिहावा, ही तेथील शिस्त. अकरा पानांवर बाईंचे "दुसरी" घाईने खरडलेले आहे. बाराव्या पानावर "पाचवी" हा शब्द फळ्यावर लिहावा तैसा, सावकाश, ठळक आणि खाली रेघ मारून लिहिला आहे. ज्यास शंका असेल त्याने वही पाहावी.