पार्किंगमध्ये उभी राहणारी गाडी

आमच्या शेजारच्या घरात एक बाई बोलते. ती आजवर कुणालाही दिसलेली नाही. भर दुपारी सगळी सोसायटी पेंगत असते तेव्हा भिंतीपलीकडून तिचा आवाज सुरू होतो. त्या आवाजाला राग नाही, लोभ नाही, मुख्य म्हणजे दम लागणं नाही. "मागे. बटण. सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा." नवा भाडेकरू आला की पहिल्याच आठवड्यात तो मला जिन्यात गाठून हळूच विचारतो, "काकांनी दुसरं केलंय का हो?"

काका म्हणजे बब्रुवान काका. सत्तरी ओलांडलेली, घरात एकटे. तरुणपणी लातूरकडून चिंचवडला आले आणि एका प्रेस शॉपमध्ये जन्म काढला. पत्र्यावर आदळणाऱ्या प्रेसने आधी कान नेले, पुढे रक्तातल्या साखरेने डोळे. बायको गेली. मुलगा पिंपळे सौदागरला, गेटवर तीन वॉचमन असलेल्या सोसायटीत. त्याने बापाला बोलणारा फोन आणून दिला. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते आतली बाई वाचून दाखवते. कान अधू असल्यामुळे काका तिला कमाल आवाजात बोलवतात, म्हणून ती आमच्याही घरात राहते असं माझी बायको रेखा म्हणते.

बाईची भाषा काकांच्या तोंडी इतकी बसलीय की विचारू नका. तुम्ही त्यांच्याशी बोलायला गेलात की आधी तुमच्या खांद्यावर दोनदा बोट आपटणार. "दोनदा टॅप केल्याबिगर माणूस चालूच व्हत न्हाई," म्हणणार. दारात कुणी न बोलता उभं राहिलं की ओरडतात, "कोण हाय? का नाव नसलेलं बटन हाय?" गॅस सिलिंडरवाला एकदा एवढा दचकला की सिलिंडर दारात ठेवून तसाच खाली गेला.

हे नाव नसलेलं बटण त्यांच्या आयुष्यात शिरलं ते एका ॲपमधून. कुठली रेल्वेगाडी आत्ता कुठे पोचलीय ते दाखवणारं ॲप. डोळस माणसांनी डोळस माणसांसाठी केलेलं. नकाशा रंगीत, ठिपके लाल-हिरवे, बटणांवर नुसती चित्रं. चित्राला नाव द्यायचं कुणाच्या डोक्यात आलेलं नाही, त्यामुळे बाई तिथे पोचली की तिचीही पंचाईत होते. "नाव नसलेलं बटण. नाव नसलेलं बटण. जाहिरात." जाहिरात बंद करायची फुली मोहरीएवढी असते. ती शोधत काकांचं बोट काचेवर फिरत राहतं आणि भिंतीपलीकडून आम्हाला मराठवाड्यातल्या ठेवणीतल्या शिव्या ऐकू येतात.

आमची सोसायटी रुळांना पाठ लावून उभी आहे. गाडी गेली की मांडणीतली भांडी किणकिणतात. काकांना गाडी ऐकू येत नाही, पण ते भिंतीला तळवा लावून बसतात. भांडी वाजायच्या आधी त्यांना कळतं. "यायलीय," म्हणतात, आणि खरंच येते. मग जरा वेळाने, "न्हाई. ही आपली नव्हं." आपली कुठली, हे मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या तळव्याची जरा भीतीच वाटायची.

आता मूळ भानगडीकडे येतो. गुरुवारी आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी. मी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात दौंडहून सासूबाईंचा फोन आला. त्यांना त्या दुपारच्या गाडीने लातूरला भाचीच्या हळदीला जायचं होतं.

"जावईबापू, तुमच्याकडं काय झालंय? गाडी तुमच्यातच उभीय मघापासून."

"आमच्यात म्हणजे?"

"अहो, फोनात दिसतंय. चिंचवडला. तुमच्या बिल्डिंगवरच ठिपका बसलाय."

मी माझ्या फोनवर बघितलं. सासूबाई सांगत होत्या ते खरं होतं. रूळ सोडून, भिंत ओलांडून, अख्खी एक्सप्रेस आमच्या पार्किंगमध्ये उभी होती. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. खाली दोन स्कूटर आणि एक मांजर. तेवढ्यात ते मांजर उठलं आणि कुणाला तरी वाट दिल्यासारखं बाजूला झालं. मी आत आलो आणि पंखा वाढवला.

सासूबाईंनी गाडीला उशीर आहे असं धरून आणखी एक चहा घेतला. ठिपका अचानक आमच्या पार्किंगमधून उडाला तो थेट दौंडच्या पुढे जाऊन पडला. गाडी चुकली, हळद चुकली, आणि खापर माझ्यावर फुटलं. "पार्किंग तुमचं ना!" असं त्या म्हणाल्या.

डोकं खाजवल्यावर मला उमगलं. ते ॲप विचारतं, "तुम्ही या गाडीत आहात का?" हो म्हटलं की तुमचा फोन जिथे असेल तिथे गाडी आहे असं ते धरून चालतं. गाडीतल्या खऱ्या प्रवाशांचे फोन खरं सांगू लागले की मग त्याची चूक दुरुस्त होते. आमच्या बिल्डिंगमध्ये बसून, भर दुपारी, हो म्हणणारं कोण असेल? हो आणि नाही, दोन्ही बटणांना नाव नाही. बिचाऱ्या काकांचं बोट रोज चुकीच्या बटणावर पडत असणार. पुढच्या गुरुवारी मी त्यांना नीट शिकवायला गेलो.

दार लोटलेलं होतं. आत अंधार. काकांना दिव्याचं काय काम, ते लावतच नाहीत. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं, काका भिंतीला लागून खुर्चीत बसलेत. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात चपला. मांडीवर चेन लावलेली बॅग, बॅगेवर फडक्यात बांधलेली दशमी. समोर आणखी एक खुर्ची, रिकामी. फोन खिडकीच्या कट्ट्यावर. काका हळूहळू डुलत होते, आणि मी दारात उभा असताना त्यांनी पाय जवळ ओढून घेतले, कुणाला तरी पुढे जाऊ दिल्यासारखे.

"हडपसर," बाई म्हणाली.

तेवढ्यात मागून एक गाडी धडधडत गेली. जमीन हलली, खुर्च्या हलल्या, खिडकीच्या गजांमधून समोरचा चिंचेचा शेंडा सरकायला लागला. शपथेवर सांगतो, झाड थांबलेलं होतं आणि आम्ही निघालो होतो. मी दाराची चौकट घट्ट धरली.

गाडी गेल्यावर मी काकांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "काका, मी सुधीर. ते विचारतं ना, गाडीत आहात का, तिथे तुमचं बटण चुकतंय."

"वरलं हो, खालचं न्हाई," काका शांतपणे म्हणाले. "मला ठाव हाय, लेका. लई दिस झाले."

"मग हो कशाला दाबता? माझ्या सासूबाईंची गाडी चुकली!"

काका ओशाळले. बॅगेच्या चेनवरून बोट फिरवत राहिले. "कुणाची गाडी चुकवायची नव्हती रं. ती बाई रोज इचारती, गाडीत हाव का म्हणून. दुसरं कोण इचारायलंय? न्हाई म्हणलं की गप बसती. हो म्हणलं की गावापातूर सोबत करती."

माझा सगळा राग गेला आणि मला एकदम त्यांची फार दया आली. दया आली की माणूस मोठेपणा करायला जातो. "एवढंच ना? चला, मी नेतो तुम्हाला गावाला. दोन दिवस रजा टाकतो. खऱ्या गाडीने जाऊ."

"आन् उतरून कुणाकडं जाऊ?" काका म्हणाले. "थोरला गेला, वहिनी गेली. घर पाडून तिथं पोरांनी दुकानं काढलीत. स्टेशनात उतरलं की कळतंय, कुणी न्हाई. गाडीत हाय तोवर मी कुणाकडं तरी चाललेला असतो."

पण सासूबाईंसारखी आणखी माणसं ठिकठिकाणी चहा घेत बसली असतील, त्यांचंही बघायला हवं होतं. फोनमध्ये एक सोय असते. आपला ठावठिकाणा ॲपला कळू द्यायचा नाही असं सांगता येतं. तसं केलं की गाडी कुठे आहे हे बाई काकांना सांगत राहील, पण काका कुठे आहेत हे गाडीला कळणार नाही. मी ते समजावलं.

"म्हंजी ती इचारणार न्हाई?"

"नाही विचारणार."

काकांनी चाचपडत फोन उचलला आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे, धरला. "कर मग. लोकास्नी तरास नगं."

मी सेटिंग बदललं. फोन परत कट्ट्यावर ठेवला. बाईने यांत्रिकपणे पुढचं स्टेशन सांगितलं आणि ती थांबली. काकांचं डुलणंही थांबलं होतं. त्या काळोख्या खोलीत इस्त्रीचा सदरा घालून बॅग घेऊन बसलेला म्हातारा आता नुसता म्हातारा दिसत होता, आणि ते मला बघवेना.

मी समोरच्या खुर्चीत बसलो. भिंत थरथरायला लागली, दुसरी कुठली तरी गाडी येत होती. प्रवासात कुणीही कुणालाही विचारतं, तसं मी जोरात विचारलं, "काका, कुठपर्यंत?"

त्यांनी मान वर केली. चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, मग स्टेशनापासून गावात कसं जायचं ते, ओढा, पार, सगळं सांगितलं.

"कोण असतं तिकडे?" मी विचारलं.

"आई," काका म्हणाले. "स्टेशनावर येती ती न्यायला. न्हाई म्हणलं तरी येती."

त्यांनी फडकं सोडून अर्धी दशमी माझ्या हातावर ठेवली. भिंतीपलीकडून रेखा मला हाका मारत होती. दौंड गेलं तरी मी उठलो नव्हतो.