छातीतलं स्पॅनिश

आजींना या सौद्यात मिळणार होती एक नात, आणि द्यायचे होते शेजारच्या सिस्टरला गणवेश शिवून. तोट्याचं काहीच दिसत नव्हतं.

नात तशी आजींचीच, फक्त ताबा मिळाला नव्हता. मुलगा परदेशी गेला, तिथलीच बायको केली, आणि त्यांची पाच वर्षांची पोरगी स्पॅनिशखेरीज अवाक्षर बोलत नसे. दर रविवारी मुलगा फोनच्या पडद्याकडे बघून "आई!" अशी हाक मारी आणि पोरीला पुढे ढकली. पोरगी "ओला", म्हणजे नमस्कार, एवढंच म्हणे आणि पळे. मग आजी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मुलाशी हवापाण्याचं बोलत.

सिस्टरला परदेशातल्या इस्पितळात नोकरी लागली होती, म्हणून ती स्पॅनिश घोकत होती. आजींनी शिलाई मशीन थांबवलं.

"मलाही शिकव. तुझे गणवेश माझ्याकडे लागले."

"अहो आजी, माझं सगळं स्पॅनिश आजारपणाचं. ताप, खोकला, जुलाब."

"मग काय झालं? पोरं आजारी पडतातच की!"

घरात घोकंपट्टी सुरू झाली. "आब्रा ला बोका! आब्रा ला बोका!" आजोबा काठी घेऊन स्वयंपाकघरात धावले.

"कुठंय बोका? दुधाला तोंड लावलं का मेल्यानं?"

"अहो, बोका म्हणजे तोंड. तोंड उघडा म्हणतेय."

"वा! जन्मभर मिटायला सांगितलंस, आता उघडायला सांगतेस तेही परक्या भाषेत!"

रविवारी पोरगी "ओला" म्हणून वळली, तेवढ्यात आजींनी साधलं. "दोंदे ले दुएले?" म्हणजे, आपल्याला कुठे दुखतंय?

पोरगी थबकली. सिस्टरच्या धड्यात पेशंटला अहो-जाहो करतात, आणि या पोरीला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी 'आपण' म्हटलं होतं. तिने ऐटीत गुडघा दाखवला. मग कोपर. मग बाहुली आणली, तिलाही दुखत होतं. "आब्रा ला बोका" म्हटल्यावर तिने असा जबडा वासला, की आजींना तिचा हलणारा दातसुद्धा दिसला. त्या दाताच्या आठवणीने आजी रात्रभर हसल्या.

नफा दिसला की माणूस धंदा वाढवतो.

"सिस्टर, 'तुझी फार आठवण येते' कसं म्हणायचं गं?"

"ते आमच्या धड्यांत नाही हो. पेशंट असं कुठे बोलतात?"

"बरं, मग आठवण आली की जिथे दुखतं, तिथलं सांग."

"छातीत? मे दुएले एल पेचो."

"झालं तर. तेच म्हणते."

पुढच्या रविवारी आजींनी छातीवर हात ठेवला. डोळे आपोआपच भरून आले. "मे दुएले एल पेचो," त्या म्हणाल्या. पोरगी पांढरीफटक पडली आणि "पापा!" म्हणून किंचाळली. मुलाने फोन हिसकावला.

"आई! छातीत दुखतंय? कधीपासून?"

"अरे, तू गेलास तेव्हापासून."

"एवढी वर्षं? आणि आत्ता सांगतेस?"

त्याने फोन आपटला आणि आजोबांना लावला. आजोबांनी सिस्टरला हाका मारल्या, सिस्टरने गाडी बोलावली. आजी कंठशोष करत होत्या, "मला काही झालेलं नाही गं!" पण छातीचे पेशंट नेमकं असंच म्हणतात, हे सिस्टर शिकलेली होती. तिने आजींना आडवंच केलं. इस्पितळात वायरी लावल्या, कागद निघाला. डॉक्टर म्हणाले, "यात तर काहीच दिसत नाही."

"त्यात नाहीच दिसायचं," आजी पुटपुटल्या.

तोवर मुलाने तिकिटं काढली होती.

पोरगी गळ्यात डॉक्टरची खेळण्यातली नळी अडकवून घरी आली आणि थेट आजींच्या पलंगापुढे उभी राहिली. "आई!"

आजी विरघळल्या. "अगं बाई, मला आई म्हणते!"

मुलगा डोकं खाजवायला लागला. "ते काय आहे आई, यांच्या भाषेत 'आई' म्हणजे 'तिथे'. मी पडद्याकडे बघून तुला हाक मारायचो ना? हिला वाटलं, तुझं नावच 'तिथे'."

आजींनी पोरीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आणि 'इथे'ला काय म्हणतात रे?"

"आकी."

आजींनी शेजारची गादी थोपटली. "आकी."

पोरगी वर चढली, नळी आजींच्या छातीला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसली. मग बोट उगारून तिने काहीतरी फर्मावलं. पलंगावरून उठायचं नाही, हे समजायला भाषा लागली नाही.

तर हिशोब असा झाला. तिकिटं मुलाला पडली. सुट्टीभर स्वयंपाक आजोबांच्या गळ्यात आला. पेशंटला मशीनवर बसायची मनाई होती, त्यामुळे सिस्टर बिनबाह्यांचे गणवेश पिशवीत कोंबून विमानात बसली. आणि "मला आता बरं वाटतंय" हे वाक्य सिस्टरच्या पहिल्याच धड्यात होतं, आजींना ते तोंडपाठ होतं. सुट्टी संपेपर्यंत त्यांनी ते काही खर्च केलं नाही.