मिठाच्या पंगतीची आणि विजेच्या डेऱ्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा समर्थ. ज्या घरी चूल आहे तेथे चूल पेटती राहो, आणि ज्या घरी बटण आहे तेथे वीज टिकून राहो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, चैत्र वद्य पक्षापासून वैशाख शुद्ध तृतीयेपावेतो डोंगराआडच्या एका राज्यात जो प्रकार जाहला तो येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले की लागलीच चार भाऊबंद उभे राहतात आणि म्हणतात आमचाही हिस्सा लिहा, मग हकीकत राहते बाजूस आणि तंटा लागतो.

तर त्या राज्यात थोरले राव कैलासवासी जाहले आणि पुत्रसंतान नव्हते, म्हणोन कन्या आवडाऊसाहेब गादीवर बसल्या. वय कोवळे, अंग काटक, बोलणे थोडके. घोडा फेकावा, न्याय तोडावा, यात कोणास हार जाणाऱ्या नव्हेत. परंतु जन्मात चुलीपुढे बसणे घडले नव्हते, आणि त्या राज्याची तर सगळी मदार चुलीवर. कारण तेथील वहिवाट ऐशी की अक्षय्य तृतीयेचे दिवशी गादीच्या धन्याने सातही सरदारांस पंगतीस बसवावे, आपल्या हाताने वाढावे, आणि पहिला घास पांढऱ्या भाताचा, वर चिमूटभर मीठ. तो घास ज्याने गिळला तो वर्षभर गादीचा चाकर, मग तो सरदार असो की रस्त्याने जाणारा वाटसरू. आणि पंगत उपाशी उठली, भात कच्चा निघाला, पान गार वाढले, तर सगळ्यांच्या शपथा सुटल्या, आणि सूर्यास्ताचे आत जो भाऊबंद त्यांस जेवू घालील त्याची गादी. लढाई नको, रक्त नको. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, तेथे पोटोबाच राजा करीत असे.

आता मुदपाकखान्याचे दरोगा भुजंगराव. वडिलोपार्जित आचारी, हात सोन्याचा, पण मिजास अशी की धन्यास भूक केव्हा लागावी हेही तेच ठरवीत. त्यांनी चैत्र वद्यात येऊन अर्ज केला की, "सरकार, राज्याचा शिक्का यापुढे मुदपाकखान्यात ठेवावा. कागद आमच्या नजरेखालून जावे. नाहीतरी अन्न आमचे, मग राज्य कोणाचे?" आऊसाहेब म्हणाल्या, "दरोगा, अन्न शेताचे, हात तुमचे, आणि शिक्का माझा. तो मिळणार नाही." इतके बोलून उठल्या. भुजंगरावांच्या नाकास मिरची झोंबली. ते निघाले ते सगळे आचारी घेऊन, हंडे, पातेली, झारे, पळ्या, पाटा वरवंटादेखील गाड्यावर घालून, आणि जाता जाता चुलींत पाणी ओतून. थेट जाऊन उतरले ते आऊसाहेबांचे चुलतबंधू दुर्गोजीराव, म्हणजे त्यांचे दादासाहेब, यांच्या तळावर. दुर्गोजीराव या दिवसाची वाटच पाहत होते. त्यांनी दरोग्यास पाट दिला आणि सांगून ठेवले की तृतीयेस वाड्यातली पंगत उपाशी उठेल, तेव्हा आपल्या तंबूत पुरणपोळी तयार असावी.

वाड्यात मागे राहिल्या आऊसाहेब, त्यांची जुनी दाई ठकूबाई, आणि देवडीवरचा शिपाई हैबती. आऊसाहेबांनी कोठी उघडविली. धान्य भरपूर, तूप मुबलक, पण शिजवायचे कशात? कोपऱ्यात एक गोल डेरा दिसला, घागरीएवढा, पांढरा, पोटात भांडे, वर काचेचे झाकण, मागे शेपटीसारखी वायर. थोरल्या रावांस कोण्या व्यापाऱ्याने तो नजर केला होता आणि नाव सांगितले होते राइस कुकर. भुजंगरावांनी त्यास चेटूक ठरवून कोठीत कोंडले होते. आऊसाहेबांनी पदराने धूळ पुसली आणि म्हणाल्या, "हाच." ठकूबाईने कपाळास हात लावला. "ताईसाहेब, अहो मुगाची डाळ कोणती नि मटकीची कोणती, हे तरी ओळखाल का? आणि सात सरदार जेवू घालायला निघालात!" आऊसाहेब म्हणाल्या, "ओळखत नाही. शिकवा." मग ठकूबाईचा आवाज नरमला.

राज्यात धबधब्यावर चक्र बसवून वीज केली होती ती खांबाखांबांवरून वाड्यात येई. डेऱ्याची शेपटी भिंतीत खोचली, तांदूळ धुऊन घातला, पाणी घातले, खालची दांडी दाबली, तांबडा दिवा लागला. आऊसाहेबांस सदरेवर जाणे होते, म्हणोन हैबतीस उभे केले आणि हुकूम दिला, "भात शिजवण्याचा हुकूम झाला आहे. त्यात कसूर होऊ देऊ नकोस." परत येऊन पाहतात तो वाडाभर धूर, भात म्हणावा तर कोळसा, आणि हैबती घाम पुसत डेऱ्याच्या दांडीवर गुडघा रोवून बसलेला. विचारले तर म्हणतो, "सरकार, हे भांडे भारी मुजोर. आपला हुकूम शिजवण्याचा, आणि हे मध्येच टक् करून दांडी वर टाकते. मी दाबली. पुन्हा वर. पुन्हा दाबली. माझ्या देखत सरकारचा हुकूम मोडतो म्हणजे काय?" ठकूबाई हसून हसून भिंतीस टेकली. आऊसाहेब आधी संतापल्या, हात मुठीत वळला, मग त्या करपल्या भाताकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या मनात आले की या बिचाऱ्याचे काय चुकले? या राज्यात कोणी आपण होऊन थांबल्याचे कोणी पाहिले आहे काय? दरोगा थांबला नाही, दादासाहेब थांबले नाहीत. पाणी आटले, काम झाले, आता पुरे, हे कळणारे वाड्यात हे एकच भांडे. त्या हैबतीस म्हणाल्या, "दांडी वर येते ती मुजोरी नव्हे रे, वर्दी आहे. शिजले, असे सांगते ते." आणि बाही वर सारून स्वतः भांडे घासावयास बसल्या.

मग जे जाहले ते लिहू जाता हात भरून येतो, कारण हट्ट म्हणजे काय हे तेथे दिसले. दुसरा भात केला तो पेज जाहली. ठकूबाई म्हणाली, "असू दे, एखादा सरदार आजारी आला तर उपयोगी पडेल." तिसरा वर शिजला आणि मध्ये कच्चा. आऊसाहेबांचे डोळे भरून आले. "ठकूबाई, बाबांची गादी मी एका शितापायी घालवणार बघा," असे म्हणाल्या, नाक पुसले आणि पुन्हा तांदूळ निवडावयास घेतला. मग ठकूबाईने सांगितले की तांदळावर बोट टेकवावे आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत यावे, आणि त्या पेरावर सगळे राज्य तरले. भात मोकळा जाहला. आणि एक साधले म्हणजे माणसाची भीड चेपते, तैसे जाहले. त्याच पोटात तूप तापवून मोहरी हिंगाची फोडणी केली आणि मुगाची खिचडी केली. तोंडली आणि गोडा मसाला घालून मसालेभात केला. डेऱ्यासोबत एक चाळणी होती, ती वर ठेवून खाली भात आणि वर अळूवड्यांचे उंडे, एका वाफेत दोन कामे. डाळ शिजवून वरण केले. नारळीभातात गूळ पहिल्याने घातला तर तो बुडास लागला आणि दांडी अर्ध्यातच टक् करून वर आली. तेव्हा कळले की गूळ मागाहून घालावा, घाई करणाऱ्यास गोड मिळत नाही. हैबती सगळे चाखून पाही आणि प्रत्येक वेळी म्हणे, "सरकार, हे मागच्याहून बरे." त्याचा कमरपट्टा सैल करावा लागला.

एक अडचण राहिली. डेरा एक, पदार्थ पाच, आणि पाचही गरम पाहिजेत. दुसरा होईतो पहिला गार. ठकूबाई म्हणाली, "रजईत गुंडाळू." रजया तर आचाऱ्यांनी बिछान्यासह नेलेल्या. आऊसाहेब जामदारखान्यात गेल्या आणि सरदारांस पंगतीनंतर द्यावयाच्या मानाच्या शाली घेऊन आल्या. ठकूबाई किंचाळली, "अगबाई, ह्या? तुपाचे डाग पडतील!" "पडू देत. डाग पडलेली शाल चालेल, गार वरण चालणार नाही." मग एकेक पदार्थ पितळी डब्यात भरून, झाकण घट्ट बसवून, शालीत गुंडाळून ओळीने ठेवला. पांढरा भात शपथेचा, तो शेवटी करावा आणि डेऱ्यातूनच वाढावा असे ठरले.

तृतीयेचा दिवस उगवला. दोन प्रहरी सातही सरदार येऊन पाटांवर बसले, केळीची पाने मांडली, रांगोळी जाहली. दुर्गोजीरावही आले, भाऊबंद म्हणोन मानाचे आठवे पान त्यांचे. जेवण्याचा मनसुबा नव्हताच. तंबूत पुरण शिजत होते. सोबत भुजंगराव आले, कारण वहिवाटीप्रमाणे शीत चेपून भात शिजला की नाही हे दरोग्यानेच सांगावयाचे. आऊसाहेबांनी डेरा पंगतीच्या मध्ये आणविला, पाणी पेरापर्यंत घातले आणि दांडी दाबली. वाफ येऊ लागली, सरदार कौतुकाने माना उंच करून पाहू लागले. आणि भाताचा वास सुटला न सुटला तोच तांबडा दिवा विझला. वाड्यातले सगळे दिवे विझले. हैबती धावत बाहेर जाऊन परत आला, तोंड पांढरे. "सरकार, टेकडीखालच्या खांबावरची तार कोणी तोडली."

दुर्गोजीराव मिशांतून हसले. "आवडे, आता काय फुंकर मारून शिजवणार? सरदारहो, उठा. माझ्या तंबूत पाने मांडली आहेत." दोघे सरदार अर्धे उठलेही. आऊसाहेबांची नजर गेली ती दांडीवर. दांडी खालीच होती. म्हणजे पाणी अजून आत होते आणि वाफही आत होती. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, ती थोरल्या रावांची, गादीची, जिला कोणी हात लावीत नसे, आणि ती डेऱ्याभोवती घट्ट लपेटली, झाकणावर दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाल्या, "बसा. कोणी उठायचे नाही. वाढणारी मी आहे आणि मी अजून पंगत उठली म्हटलेले नाही." भुजंगराव म्हणाले, "झाकण उघडा, पाहू तर द्या." "झाकण उघडायचे नाही." दुर्गोजीराव म्हणाले, "तांदूळ राहिला असेल कोरडा." "झाकण उघडायचे नाही, दादासाहेब." तळवे भाजत होते, हलविले नाहीत. वृद्ध सरदार कान्होबा निंबारे यांनी मांडी मोडली होती ती पुन्हा घातली आणि म्हणाले, "पोर भाजते आहे आणि आपल्याच्याने बसवत नाही काय?" तेव्हा अर्धे उठलेले दोघेही खाली बसले. डेऱ्यातून हळूहळू बुडबुडण्याचा आवाज येत होता, तो कमी होत होत थांबला.

मग आऊसाहेबांनी शाल सोडली आणि झाकण उचलले. वाफेचा लोट वर गेला. भुजंगराव पुढे जाहले, एक शीत उचलले, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चेपले. सगळी पंगत त्या दोन बोटांकडे पाहत होती. आत कणी असती तर बोटास कळली असती. शीत लोण्यासारखे पसरले. भुजंगराव कितीही मिजासखोर असोत, जातीचे आचारी. बापाने शिकविलेल्या बोटांनी खोटे बोलवेना. मान खाली घालून म्हणाले, "शिजले."

"खोटे!" दुर्गोजीराव गरजले. "दरोगा भ्याला! कच्चा आहे, मला दिसतो आहे! मी सगळ्यांदेखत चाखून सांगतो, वाढ इकडे!" आणि पान पुढे सरकविले. आऊसाहेबांनी पहिली मूद त्यांच्या पानावर ठेवली आणि वहिवाटीप्रमाणे वर चिमूटभर मीठ टाकले. दुर्गोजीरावांनी रागाच्या भरात मोठा घास घेतला, चावला, कणी शोधली, सापडेना, आणखी चावला, आणि गिळला. आऊसाहेबांनी विचारले, "दादासाहेब, कच्चा आहे?" दुर्गोजीरावांनी पानातले एक शीत बोटाने चेपून पाहिले. आऊसाहेबांनी पुन्हा विचारले, "मीठ पुरले?" तेव्हा कोठे दुर्गोजीरावांच्या ध्यानात आले की आपण काय करून बसलो. पानाकडे पाहिले, सात सरदारांकडे पाहिले, आणि बारीक आवाजात म्हणाले, "पुरले." कान्होबा निंबारे पोट धरून हसले आणि म्हणाले, "सरकार, आता आम्हां सातांसही वाढा, दादासाहेब तर आमच्याआधी बांधले गेले!"

मग सातांनी पहिला घास गिळला, आणि शालींतून डबे निघाले, वाफाळते वरण, मसालेभात, अळूवडी, नारळीभात, आणि सरदारांनी बोटे चाटली. मागाहून त्याच शाली त्यांच्या खांद्यांवर घातल्या, अजून ऊन होत्या आणि गोड्या मसाल्याचा वास येत होता. कान्होबांनी ती शाल पुढे कधी धुऊ दिली नाही.

तात्पर्य येवढेच. भुजंगराव मुदपाकखान्यात परत आले, शिक्क्याचे नाव पुन्हा काढले नाही, आणि सणावारी चूल व एरवी डेरा ऐसा करार जाहला. दांडी वर आली की हैबती आता मुजरा करतो. दुर्गोजीरावांस वर्षाची चाकरी नेमून दिली ती विजेच्या खांबांची राखण, आणि त्या वर्षात तार एकदाही तुटली नाही. इतकी हकीकत घडली तैसी लिहिली. लिहिणारास भूक लागली आहे, म्हणोन पुरे.